"नुसती ख्रिस्ती की शिष्य?" असं कुणी विचारलं तर

सलाम बाळा. तुझा प्रश्न मी दोनदा वाचला. नगरच्या ख्रिस्ती घरातला जन्म, तान्हेपणी बाप्तिस्मा, सोळाव्या वर्षी दृढीकरण (विश्वासाची मोठेपणी स्वतः दिलेली कबुली), आता पुण्यात नोकरी. रविवारी एका हॉलमध्ये भरणाऱ्या सभेला जातेस आणि तिथल्या पुढाऱ्यांनी तुला विचारलं, "तू नुसती ख्रिस्ती आहेस की शिष्य आहेस?" तुला उत्तर सुचलं नाही. मग तू मला विचारतेस की या दोन्हींत फरक काय, शिष्य व्हायचं तर नोकरी सोडून सेवेत यावं लागतं का, आणि पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागतो का. शेवटी जाता जाता एक ओळ लिहिलीस: गावाकडच्या मंडळीत जाणं सोडलंय, कारण तिथे आत्या येते आणि आजोबांच्या घराच्या वाटणीवरून तिच्याशी दोन वर्षं बोलणं बंद आहे. त्या ओळीकडे मी येणार आहे. आधी बाकीचं उरकू.

मी एकतीस वर्षं पाळक होतो, नगर जिल्ह्यातल्या लहानमोठ्या मंडळ्यांमध्ये. दृढीकरणाच्या वर्गात "शिष्य म्हणजे काय?" असं विचारलं की पोरं एका सुरात म्हणायची, "बारा!" पुढे नावं म्हणून दाखवायची, त्यात अल्फीचा मुलगा याकोब हमखास राहून जायचा. पण शुभवर्तमान लिहिणारा लूक बाराच्या बरोबरीनेच काही बायकांचीही नावं देतो: मग्दालीया मरीया, सुसान्ना, हेरोदाचा कारभारी खुजा याची बायको योहान्ना. या बायका येशूबरोबर गावोगाव फिरत होत्या आणि खर्च आपल्या पदरचा करत होत्या. यापो गावच्या टबीथेला तर लूक सरळ 'शिष्यीण' म्हणतो. ग्रीकमधलं ते स्त्रीलिंगी रूप अख्ख्या नव्या करारात तेवढं एकदाच येतं. तिने कुठे भाषण केल्याची नोंद नाही. ती वारली तेव्हा गावातल्या विधवा रडत रडत तिने शिवलेले अंगरखे पेत्राला दाखवत होत्या, एवढंच लिहिलंय.

आता तुझ्या पुढाऱ्यांचा प्रश्न. नव्या करारात 'शिष्य' हा शब्द सुमारे २६० वेळा येतो, तोही फक्त चार शुभवर्तमानांत आणि प्रेषितांच्या कृत्यांत. 'ख्रिस्ती' हा शब्द येतो अवघा तीनदा. कृत्यांच्या अकराव्या अध्यायात तो पहिल्यांदा येतो तो असा, की शिष्यांना ख्रिस्ती हे नाव पहिल्याने सीरियातल्या अंत्युखियात मिळालं. म्हणजे शिष्य हा रोजचा साधा शब्द होता आणि ख्रिस्ती हे नाव त्याला मागाहून चिकटलं. खाली ख्रिस्ती आणि वर शिष्य अशी दोन मजली इमारत तिथे नाहीच. तुला वरच्या मजल्यावर बोलावणाऱ्याला हे अदबीने सांगायला हरकत नाही.

शब्दाचा अर्थ मात्र नीट धरून ठेव. ग्रीक 'मथेतेस' म्हणजे शिकणारा, हिब्रूत 'तलमीद'. आणि हे शिकणं वहीत उतरवून घ्यायचं नव्हतं. मिश्ना या यहूदी शिकवणुकीच्या जुन्या संग्रहात एका गुरूचं वचन आहे, की ज्ञानी माणसांच्या पायांची धूळ अंगावर घे आणि त्यांचे शब्द तहान लागल्यासारखे पी. आपल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पायधूळ, चरणरज, गुरूच्या घरी राहून पाणी भरणं, हे सगळं आपल्या भाषेत आधीपासून आहे. म्हणून मराठी ख्रिस्ती माणूस 'शिष्य' हा शब्द इंग्रजी माणसापेक्षा लवकर ओळखतो, असं मला वाटतं. पण तिथेच तो फसतोही. कारण आपल्या ओळखीच्या वाटेवर दोन ठिकाणी येशू भलतीकडेच वळतो.

पहिलं वळण असं. आपल्याकडे शिष्य पुढे गुरू होतो, गादी चालवतो. येशूने मात्र मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात बजावलं, की तुम्ही स्वतःला रब्बी म्हणवून घेऊ नका, तुमचा गुरू एकच आहे आणि तुम्ही सगळे भाऊभाऊ आहात. म्हणजे या शाळेत बढती नाही. पेत्र मरेपर्यंत विद्यार्थीच. मी एकतीस वर्षं झगा घालून उभा राहिलो तरी विद्यार्थीच. म्हणून कुणी "हे माझे शिष्य" असं म्हणायला लागला की मी कान टवकारतो. १९७० च्या दशकात अमेरिकेत फ्लोरिडातून 'शेफर्डिंग' नावाची एक चळवळ निघाली होती. शिष्यत्वाच्या नावाखाली माणसं नोकरी, घर, लग्न सगळं वरच्या पुढाऱ्याला विचारून करायला लागली. पुढे तिच्या एका मुख्य पुढाऱ्यानेच जाहीर माफी मागितली. तुझ्या सभेत असं आहे असं मी म्हणत नाही, मी तिथे आलेलो नाही. पण लग्न कुणाशी करायचं हे विचारायला तुला कुणी पुढाऱ्याकडे पाठवलं, तर आपली पर्स उचल आणि घरी जा.

दुसरं वळण पायांचं. गुरूचे पाय शिष्याने धुवायचे, हे इथल्या मातीत कुणालाही ठाऊक आहे. योहानाच्या तेराव्या अध्यायात गुरू उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. पेत्र म्हणतो, माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत.

हे मला कसं कळलं ते सांगतो, आणि सांगताना मला अजून लाज वाटते. माझी दुसरीच मंडळी होती, खेड्यातली. पवित्र गुरुवारी पाय धुण्याचा विधी करायचा ठरला. पितळेचं घमेलं, तांब्या आणि एक धुवट पंचा. बारा जणांना बाकावर बसवलं. शेवटी एक म्हातारी होती. कांदे काढून थेट रानातून आलेली, टाचांना भेगा, भेगांत माती. मी खाली बसलो तर तिने पाय आत ओढून घेतले. "नगं पाळकसायब." मी म्हटलं, आजी, येशूनेही धुतले होते. ती हळूच म्हणाली, फक्त मला ऐकू जाईल एवढं, "तुमी पयल्यांदा आमच्या घरी आलता, तवा पानी सुदिक पेला नव्हता."

खरं होतं ते. माझे आजोबा महारवाड्यातून ख्रिस्ती झालेले, त्या बाईंचे सासरे मांगवाड्यातून. दोघांच्या बाप्तिस्म्याला साठ-सत्तर वर्षं झालेली. आणि वर्षभरापूर्वी तिने तांब्या पुढे केला तेव्हा मी "आत्ताच चहा घेतला" असं म्हणून उठलो होतो. मनात ठरवून केलं नव्हतं. हात आपोआप मागे आला होता. त्यामुळे तर ते जास्त वाईट.

त्या रात्री मी तिचे पाय धुतले की नाही? धुतले. पण त्याआधी तिच्याकडे पाणी मागितलं. ती म्हणाली, "हितं कुठलं पानी, उद्या घरी या." गेलो. शुभ शुक्रवार होता, उपास होता. तरीही प्यालो.

पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्राचा दुसरा अध्याय त्या आठवड्यात मी पहिल्यांदा खरा वाचला. पेत्र अंत्युखियात परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहूदी नसलेल्यांच्या, पंगतीला बसत होता. यरुशलेमेच्या मंडळीचा पुढारी याकोब याची माणसं आली, तसा तो त्यांच्या भीतीने उठून वेगळा बसायला लागला. त्याच्या मागोमाग बाकीचे यहूदी उठले, बर्णबासुद्धा ओढला गेला. पौलाने सगळ्यांदेखत त्याला तोंडावर सुनावलं. गाव बघ कोणतं ते: अंत्युखिया. ज्या गावात शिष्यांना ख्रिस्ती हे नाव मिळालं, त्याच गावात सगळ्यांत मोठा शिष्य ताटावरून उठला. तोवर त्याने तीन वर्षं येशूबरोबर काढली होती, पन्नासाव्या दिवसाच्या सणाला यरुशलेमेत भाषण केलं होतं, तुरुंगही पाहिला होता. तरी पंगतीचा धडा कच्चाच.

आपल्याकडे हा धडा सगळ्यांत प्रामाणिकपणे कुणी लिहून ठेवला असेल तर लक्ष्मीबाई टिळकांनी. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे एकत्र आल्यावरही सोवळंओवळं सुटेना. 'स्मृतिचित्रे'त त्या सांगतात की जातिभेद देवाने केलेला नाही, माणसाने केलाय, हे एके दिवशी आपल्या आपण उमगलं आणि त्यानंतर कुणाच्याही हातचं घ्यायला हरकत उरली नाही. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा त्यानंतरचा. शिकणं आधी, पाणी मागून. म्हणून लग्नाच्या बोलणीत "तुम्ही मूळचे कोणते?" असं दबक्या आवाजात विचारणारे आमच्यातले सज्जन मला दिसतात, तेव्हा शिष्यत्वाच्या पुस्तकांची मला भारी गंमत वाटते.

आता बाप्तिस्मा. यावर पंथापंथांत जुना वाद आहे आणि तो इथे मिटणार नाही. बालबाप्तिस्मा बाप्तिस्माच नव्हे असं मानणारी सरळ मनाची, अभ्यासू माणसं मला माहीत आहेत. मी ज्या परंपरेत वाढलो तिच्यात तो एकदाच होतो आणि मी तुला पुन्हा घ्यायला सांगणार नाही. पण तुझी खरी टोचणी निराळी आहे ना? पाणी पडलं, नाव लागलं, तरी काही घडलं नाही, अशी. ती पंडिता रमाबाईंनाही होती. त्यांचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी लिहिलं की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. आणि ही आठ वर्षं रिकामी नव्हती बरं! याच काळात त्या अमेरिकेत फिरल्या, १८८९ मध्ये मुंबईला शारदा सदन काढलं. ख्रिस्त सापडल्यावर तरी त्यांनी काय केलं? दुष्काळात उपाशी मरणाऱ्या मुली मध्य प्रांतातून केडगावला आणल्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर करायला बसल्या. अखेरच्या आजारपणापर्यंत त्याची मुद्रितं तपासत होत्या.

टिळक तर दुसऱ्या टोकाला गेले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य यावेत असा त्यांचा बेत होता. दोनच वर्षांत ते गेले आणि बेत अर्धवट राहिला. मला स्वतःला टिळकांचं पूर्ण पटत नाही. बाप्तिस्मा म्हणजे शाळेत नाव घालणं, असं मी मानतो, आणि नाव घातल्याशिवाय वर्गाच्या खिडकीतून किती दिवस ऐकणार? पण उलटा रोग आमच्यात जास्त आहे. नाव पटावर, आणि पोरगं वर्षभर चिंचेखाली.

नोकरीचं उत्तर सोपं आहे. सोडू नकोस. येशूने पेत्राला आणि जब्दीच्या पोरांना जाळ्यांवरून उठवलं, मत्तयाला जकातीच्या नाक्यावरून उठवलं, हे खरं. पण त्याच शुभवर्तमानांत जक्कय जकातदारच राहिलेला दिसतो, फक्त अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि लुबाडलेलं चौपट परत करतो. ज्याच्यातून सैन्य नावाचं भूत निघालं, तो गरसेकर येशूबरोबर तारवात बसायला निघाला होता. येशूने त्याला नाही म्हटलं आणि आपल्या घरी, आपल्या माणसांकडे परत पाठवलं. कुणाला काय सांगायचं ते तो ठरवतो. आपण सगळ्यांना एकच साचा लावतो. तू आयटीत असशील तर तुझी परीक्षा तिथेच आहे: न झालेले तास बिलात लावायला सांगतात तेव्हा, कॅबवाल्या दादाशी बोलताना, आणि ज्या सहकारिणीचं श्रेय मीटिंगमध्ये दुसराच घेऊन जातो तिच्या वतीने तोंड उघडायची वेळ येते तेव्हा.

पैशाबद्दल एक सांगून ठेवतो, कारण तुझ्या वयाच्या मुलांना यात अडकलेलं मी पाहिलंय. दशांश दे, मनापासून दे. पण आईवडिलांच्या औषधाचे पैसे थांबवून कुणी सेवेला दान मागत असेल तर मार्काचा सातवा अध्याय काढ. 'कुर्बान' म्हणजे देवाला वाहिलेलं असं म्हणून आईबापांचं देणं टाळणाऱ्यांना येशूने तिथे चांगलंच झाडलंय. मग लूक चौदामध्ये बापाचा आणि आईचा द्वेष केल्याशिवाय माझा शिष्य होता येत नाही असं तोच म्हणतो, त्याचं काय? ती त्या भाषेची बोलायची रीत आहे. मत्तय तेच वाक्य देतो ते 'माझ्यापेक्षा अधिक प्रेम' असं. आणि वधस्तंभावर टांगलेला असताना त्याने आपल्या आईची सोय एका शिष्याच्या घरी लावली.

वधस्तंभ म्हटल्यावर आठवलं. आमच्या मंडळ्यांत "काय करणार पाळकसाहेब, हा माझा क्रूस आहे" असं कुणी म्हणालं, की समजायचं, एकतर मधुमेह किंवा सासू. दोन्ही भोग असतील, क्रूस नव्हेत. मधुमेह तू उचलला नाहीस, तो तुझ्यावर आलाय. रोमी राज्यात वधस्तंभ उचलून चाललेला माणूस मरायला निघालेला असायचा, आणि तोही चारचौघांत अब्रू गमावून. येशू म्हणतो तो आपण होऊन उचला. लूक त्यात 'दररोज' हा शब्द घालतो. तो शब्द मला फार दिवस कळला नव्हता, कारण मरण काय रोज येतं? पण 'माझंच खरं' हे रोज सकाळी उठून पुन्हा जिवंत झालेलं असतं, हे लग्नाला दहा वर्षं झाल्यावर कळलं.

तर आता आत्या.

मत्तयाच्या पाचव्या अध्यायात आहे: तू वेदीवर अर्पण आणलंस आणि तिथे तुला आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. यात दोन गोष्टी बघ. एक म्हणजे, तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर, असं तिथे म्हटलेलं नाही. त्याच्या मनात तुझ्याविरुद्ध. कोण चुकलं याचा हिशेब तिथे मांडलेलाच नाही. दुसरी म्हणजे, हे ऐकणारी माणसं गालीलातली. वेदी यरुशलेमेत. मध्ये तीन-चार दिवसांची पायवाट. अर्पणाचं जनावर तिथेच ठेवून गालीलात परतायचं, समेट करायचा आणि पुन्हा चालत यायचं! ऐकणाऱ्यांना ते वेडेपणाचंच वाटलं असणार. तुझं पुणे ते नगर एसटीने तीनेक तास आहे.

समेट म्हणजे सही करून हक्क सोडून देणं, असं मात्र समजू नकोस. माझ्या एका मंडळीत दोन सख्खे भाऊ होते. बांधावरून कोर्टात गेलेले. थोरला प्रभुभोजनाला आला की धाकटा उठून बाहेर जायचा, लिंबाखाली उभा राहायचा. मनुका उकळून केलेला रस आणि कापलेला पाव ताटात, आणि एक माणूस बाहेर. मी दोन वर्षं संदेश दिले, काही झालं नाही. मग एका शनिवारी रात्री थोरला बॅटरी घेऊन धाकट्याच्या वस्तीवर गेला. काय बोलले ते मला ठाऊक नाही. धाकट्याची बायको एवढंच म्हणाली की दोनदा चहा झाला आणि जमिनीचं नावच निघालं नाही. दावा चालूच राहिला, पुढे सहा-सात वर्षं. तारखेला दोघं एकाच एसटीने तालुक्याला जायचे, एकाच हॉटेलात भजी खायचे आणि आपापल्या वकिलाशेजारी जाऊन उभे राहायचे. वकिलांची पंचाईत व्हायची.

तेव्हा या महिन्यात एखादा शनिवार काढ. आधी फोन करू नकोस, फोनवर आत्या घराचा विषय काढेल आणि तूही काढशील. सरळ जा. कागदपत्रं नेऊ नकोस, भावाला बरोबर नेऊ नकोस. लहानपणी ती तुला जे करून घालायची त्याची आठवण काढ, काहीतरी असेलच. तिने पाणी पुढे केलं तर पी. दार लावून घेतलं तर नेलेली पिशवी पायरीवर ठेव आणि परत फीर. तू गेलीस एवढं झालं, पुढचं तिचं. दुसऱ्या दिवशी रविवार आहे. उपासना साडेनऊला सुरू होते. मी मागच्या बाकावर असतो, पंख्याखाली.